खाली आणि खाले

बंदुकीच्या दुकानात नोकरी करणारी बाई बंदुकीला भीत नसेल, असं लोकांना वाटतं. मी भीत होते. सहा वर्षं काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसत होते आणि सहाही वर्षं भीत होते. पाठ फिरवल्याने भीती जात नाही, पण निदान समोर तरी दिसत नाही.

सुरत स्टेशनकडून भागळला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. परवानेवाल्या लोकांना हत्यारं विकायची, जुनी बदलून द्यायची, दुरुस्त करायची. मालक गुजराती, गिऱ्हाईक गुजराती, आवकजावकीचं रजिस्टर गुजरातीत, आणि ते लिहिणारी मी, सुषमा, सुरतेच्याच उधन्यात वाढलेली खान्देशी मुलगी. मागच्या खोलीत सुकदेवआप्पा बसायचे. आप्पा धुळ्याकडचे. पंचवीस वर्षं लष्करात हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झाले आणि इथे येऊन तेच काम करू लागले. त्यांना गुजराती समजायचं, बोलता यायचं नाही, आणि शिकायची इच्छाही नव्हती. लष्करातलं थोडं हिंदी होतं, ते रागावले की बाहेर यायचं. एरवी मालकापासून पोलीस साहेबापर्यंत सगळ्यांशी अहिराणी. त्यामुळे रजिस्टरखेरीज माझ्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. आप्पा काय म्हणतात ते गिऱ्हाइकाला गुजरातीत सांगायचं.

माझी आई अहिराणीच बोलायची. लग्न होऊन मी नाशिककडच्या माणसांत आले, आणि ‘आहे’ऐवजी तोंडात बसलेल्या माझ्या ‘शे’ला सासूबाई आठवडाभर हसल्या. तेव्हापासून मी ती भाषा तोंडातून काढून टाकली. आप्पांनी काही विचारलं तरी मी उत्तर पुस्तकी मराठीत द्यायचे. ते म्हणायचे, “ताई, तू ते रेडिओवरली बाई दिखस.” मला राग यायचा. राग मला पटकन येतो, हे आताच सांगून टाकते. त्या दिवशीही आला होता, आणि त्याने घात केला.

शहाण्णव सालचा मार्च होता. दुपारचे बारा वाजून गेले होते, मालक बडोद्याला गेले होते. ठाकोरभाई जरीवाला आले. आडनावाप्रमाणे धंदाही जरीचा, घर घोडदोड रोडला. मिठाईच्या खोक्यात त्यांनी वडिलांच्या वेळचं विलायती पिस्तूल आणलं होतं. बत्तीस बोअरचं, निकेलचा मुलामा दिलेलं, कडांवरून मुलामा उडून खालचं लोखंड दिसू लागलेलं. तक्रारी दोन. पाच गोळ्यांतल्या दोन नुसत्या टिक करतात, उडत नाहीत. आणि कालपासून काडतूस बाहेर फेकलं जात नाही. हे देऊन दुसरं घ्यायचं, पण कोणतं ते ठरत नव्हतं.

आप्पांनी हिरव्या कापडावर दोन पिस्तुलं मांडली. एक जर्मन, एक झेक. शेजारी ठाकोरभाईंचं जुनं. मग आप्पा बोलत गेले आणि मी सांगत गेले. जर्मन पिस्तुलाचा निळसर काळा रंग दिसायला देखणा, पण सुरतेच्या दमट हवेत आणि घामेजल्या हातात त्याला रोज तेलाचं फडकं लागतं. एक पावसाळा आळस केला की तांबूस ठिपके येतात. झेक पिस्तूल दिसायला ओबडधोबड, रंग तव्यासारखा, पण त्याला काही होत नाही. जर्मनमध्ये गोळी आत असली की मागे एक बारीक खिळा वर येतो, अंधारातही बोटाला लागतो. झेकमध्ये तसं काही नाही, मात्र ते चिखलात पडलं तरी चालतं. आप्पांनी स्वतः त्यातून दोनशे गोळ्या झाडल्या होत्या, एकही अडकली नव्हती.

“आनी हाई?” आप्पांनी जुनं पिस्तूल बोटाने जरा सरकवलं. “आनी घोडानी स्प्रिंग मरी गयी. आकडी तुटेल शे.”

घोडा म्हणजे मागून ठोका मारतो तो भाग. आकडी म्हणजे नळीतलं काडतूस धरून बाहेर ओढते ती. मी तसं सांगितलं. ठाकोरभाईंचं लक्षच नव्हतं. जरीचा माणूस, त्याला मुलाम्यातलंच कळणार. ते प्रत्येक पिस्तुलावर अंगठ्याचं नख ओढून बघत होते, जसं बाजारात जरीच्या तारेवर ओढतात. “निकल जेवी चमक आमां क्यां?” म्हणाले, निकेलसारखी चमक यात कुठे? झेक पिस्तूल त्यांना भंगारातलं वाटलं. गोळी उडते की नाही, अडकते की नाही, यापेक्षा लग्नाच्या मांडवात कमरेला चमकतं की नाही, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता.

मग त्यांनी जर्मन पिस्तूल उचललं आणि नेम धरून बघू लागले. आधी कॅलेंडरवर, मग पंख्यावर, आणि मग माझ्यावर.

“सुषमाबेन, बीक लागे छे?” भीती वाटते का, म्हणून विचारलं.

ते पिस्तूल रिकामं होतं हे मला ठाऊक होतं. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत आप्पांनी उघडून दाखवलं होतं. तरी त्या काळ्या भोकाकडे बघताना माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ठाकोरभाई हसले. बाई घाबरली की काही पुरुषांना जेवल्यासारखं बरं वाटतं. मी पेन उचललं आणि मनात म्हटलं, हा माणूस इथून जाईल तर बरं. लवकर जाईल तर फारच बरं.

आप्पांनी त्यांच्या हातातून जर्मन पिस्तूल काढून घेतलं आणि जुनं तपासायला घेतलं. गोळ्यांचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. वरची स्लाइड मागे ओढली. बाहेर काही पडलं नाही. मग पिस्तूल उभं धरून त्यांनी तोंडाकडून पितळी सळई नळीत सोडली. ती पूर्ण गेली नाही. आप्पांच्या तोंडात तंबाखू होती, मान खाली होती.

ठाकोरभाईंनी विचारलं, “आमां गोळी तो नथी ने?” यात गोळी तर नाही ना?

आप्पा म्हणाले, “खाले शे.”

एवढंच म्हणाले. पिस्तूल भिंतीकडे तोंड करून कापडावर ठेवलं आणि तंबाखू थुंकायला व लाकडी हातोडी आणायला मागच्या खोलीत गेले.

तेवढ्यात बाहेरून ठाकोरभाईंचा ड्रायव्हर आला. गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून वाहतूक पोलीस उभा होता. ठाकोरभाई घाईने उठले. म्हणाले, घरी बायकोला, कुमुदला, विचारतो, चकचकीत की काळं, उद्या येतो. त्यांनी आपलं पिस्तूल खोक्यात घातलं, मॅगझिन खिशात घातलं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना थांबवलं नाही, आप्पांना हाक मारली नाही. रजिस्टरमध्ये जावक लिहिली. आमच्या रजिस्टरला एक रकाना होता, हत्यार परत देताना भरलेलं की रिकामं. मी त्यात गुजरातीत लिहिलं, खाली. आणि पुढे सही केली. सहीसुद्धा छान आली होती.

आप्पा हातोडी घेऊन बाहेर आले. कापडाकडे पाहिलं.

“ते कोठे गयं?”

“शेठ घेऊन गेले. उद्या येणार आहेत.”

आप्पा हलले नाहीत. “ताई, ते भरेल शे. गोयी नळीमा अटकेल शे. मी सांगं ना, खाले शे.”

मी म्हटलं, “हो, तुम्ही खाली छे म्हणालात.”

आणि माझ्याच तोंडून ते बाहेर पडताना मला ऐकू आलं. गुजरातीत खाली छे म्हणजे रिकामं आहे. अहिराणीत खाले शे म्हणजे खाली आहे, तिथे तळाशी आहे. सळई गोळीवर टेकली, म्हणून आप्पा म्हणाले खाले शे. ठाकोरभाईंनी त्यांची भाषा ऐकली, त्यांचा दोष नाही. पण मी? माझ्या आईने मला दिवसातून शंभरदा सांगितलेलं, चूल खाले शे ते लाकूड, खाट खाले शे तुना चप्पल. मीही गुजराती ऐकलं. दोन्ही भाषा येणारी त्या दुकानात मी एकटी होते, आणि त्याचाच मला पगार मिळत होता.

 आकडी तुटलेली, म्हणजे स्लाइड कितीही ओढली तरी गोळी आतच राहणार. ठाकोरभाई घरी जाऊन दोनदा ओढून बघतील, काही पडणार नाही, त्यांची खात्री आणखी पक्की होईल. आणि मग ते नेम धरतील. ते नेम धरतातच, मी नुकतंच पाहिलं होतं.

मी फोन लावला. एंगेज. परत लावला, एंगेज. तिसऱ्यांदा आकडे फिरवताना बोट चुकलं आणि कुठल्यातरी दवाखान्यात लागला. आप्पांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून ठेवला. “चाल. बठ मांगे,” म्हणाले. दुकानाचं शटर ओढलं, सळई आणि हातोडी माझ्याकडे दिली, आणि लुना सुरू केली.

आप्पांच्या लुनावर मी पूर्वी कधी बसले नव्हते. भर दुपारी, साडीत, एका हातात हातोडी घेऊन मी रिंग रोडवरून चालले होते आणि सिग्नलला लोक बघत होते. मला लाजही वाटली नाही. डोक्यात एकच चाललं होतं. घरात कोण कोण असेल? कुमुदबेन असणार. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, परवान्याच्या नूतनीकरणाला शेठबरोबर आल्या होत्या तेव्हा. कपाळावर मोठी चंदेरी टिकली लावतात, बोलण्याआधी नवऱ्याकडे बघतात. नेम धरला तर त्यांच्यावरच धरणार. दुसऱ्या कुणावर धरणार?

कापड बाजारातून गठ्ठे वाहणारे टेम्पो आडवे येत होते. मजुरा गेटला आम्ही दोन सिग्नल थांबलो. आप्पा पुढे बघून बोलत होते, मला म्हणून की स्वतःला, कळत नव्हतं. “हत्यार सोडीसन मी गवू, ती मनी चूक. पंचवीस वरीसमा कधी सोडं नही.” मी म्हटलं, आप्पा, चूक माझी आहे. ते म्हणाले, मंग दोन्हीस्नी. मला रडू यायला लागलं, आणि रडायचाही राग आला.

ठाकोरभाई तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट वर अडकली होती. मी जिना चढत होते तेव्हा कान वरच लागले होते. आता आवाज येईल, आता येईल. प्रेशर कुकरची शिट्टी झाली तर मी कठडा धरून उभी राहिले. 

दार कुमुदबेननी उघडलं. हाताला पीठ लागलेलं, कपाळावर टिकली जागच्या जागी. त्यांना बघून मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दिवाणखान्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा होता, ठाकोरभाई त्यावर बसून पिस्तुलाला रुमालाने घासत होते. चकाकी येते का बघत असतील.

मी धापा टाकत गुजरातीत म्हटलं, “शेठ, ते खाली ठेवा. आत गोळी आहे.”

ते हसले. “अरे, तुमच्याच माणसाने सांगितलं. तुम्ही स्वतः रजिस्टरमध्ये लिहिलं.” त्यांनी स्लाइड मागे ओढली, सोडली. अर्थातच काही पडलं नाही. “जो. खाली छे.”

“साहब, उँगली बाहर,” आप्पा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लष्करातला असणार.

तो आवाज ऐकून शेठचा चेहरा बदलला. स्वतःच्या घरात, बायकोसमोर, दुरुस्तीवाल्याने हुकूम करावा हे त्यांना सोसलं नाही. हसू गेलं. “हुं बतावुं,” मी दाखवतो, म्हणाले, आणि त्यांनी पिस्तूल आपल्याच डाव्या तळव्याला लावलं. बोट आत होतं. आप्पा पुढे झाले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, झटापट केली तर उडेल. मला एवढंच कळत होतं की हा माणूस आता खोटा ठरायला तयार नाही, आणि खरं ठरण्यासाठी तो दाबणार.

म्हणून मी म्हटलं, “शेठ, तुमचं बरोबर आहे. मीच चुकले. हा माणूस भरलेलं म्हणाला होता, मी खोटं लिहिलं. मालकांना सांगा, माझी नोकरी जाईल, जाऊ दे. पण चूक माझी आहे, तुमची नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक दुसऱ्या कुणाची ठरली की माणसाला हात खाली घेता येतो. त्यांनी बोट बाहेर काढलं, मग पिस्तूल झोपाळ्यावर ठेवलं. “आवुं काम करो छो?” असं काम करता का, म्हणून मला रागावले. दोन मिनिटं रागावत होते. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इतकं आनंदाने मी कुणाचं रागावणं कधी ऐकलं नव्हतं.

आप्पांनी पिस्तूल उचललं, गॅलरीत नेलं. तुळशीच्या रिकाम्या कुंडीत माती होती, तिच्याजवळ बसले. स्लाइड मागे अडकवली, तोंडाकडून सळई घातली आणि हातोडीने अगदी हलके ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला काडतूस बाहेर आलं आणि मातीत पडलं. पिवळं, बोटाच्या पेराएवढं. ठाकोरभाई दारात उभे होते. त्यांनी आपला डावा तळवा सदऱ्याला पुसला.

आप्पांनी काडतूस उलटं करून उन्हात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या हातात दिलं. त्याच्या बुडाला मध्ये जी छोटी टोपी असते, घोडा जिच्यावर आपटतो, तिच्यावर एक बारीक खळगा होता.

“ठोका पडेल शे,” आप्पा म्हणाले. “मरेल स्प्रिंग, म्हनीसन उडनी नही. ताई, इचार त्यासले. घर येवावर कितला येळ दाबं?”

या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. मी शेठकडे वळले आणि विचारलं, घरी आल्यावर तुम्ही चाप दाबलात का? किती वेळा?

 शेठची नजर गॅलरीच्या जाळीवर होती.

उत्तर मागून आलं. कुमुदबेन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. “एक ज वार,” म्हणाल्या. “मने बीवडाववा.” एकदाच, मला घाबरवायला. त्या थोडं हसत होत्या, पाहुण्यांसमोर नवऱ्याची खोडी सांगताना हसतात तशा. पुढे म्हणाल्या, मी पोळ्या लाटत होते, हे आले, इथे लावलं. त्यांनी पिठाचं बोट कपाळाला, टिकलीच्या जरा वर, टेकवलं. नुसती टिक झाली. हे रोज करतात बेन, नवं काही नाही.

 कुमुदबेननी आप्पांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, मग माझ्या तळहातावरच्या त्या पिवळ्या काडतुसाकडे. हसू अजून तोंडावर होतं, फक्त त्यात जीव उरला नव्हता.

“खाली हती ने?” त्यांनी मला विचारलं.

शेठ माझ्याकडे बघत होते. नोकरी वाचवायची असेल तर हो म्हण, असं त्या नजरेत होतं. त्यापेक्षाही जास्त, तिला सांगू नकोस, असं होतं. तो माणूस घाबरला होता. मी त्याला पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते, आणि मला त्यात काडीचंही बरं वाटलं नाही. माझी स्वतःची भीती तर अजून तशीच होती. पण दुकानात एकदा मी तो शब्द चुकून लिहिला होता. आता जाणूनबुजून उच्चारायला जीभ वळेना.

“ना बेन,” मी म्हटलं. “भरेली हती.”

कुमुदबेन आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला, नळ वाहिल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हात धुतलेले होते आणि हातात पैशांचं लहान पाकीट होतं. कपाळावरचं पीठ तसंच होतं. त्यांनी दाराशी चपला घातल्या.

“जेवण झाकून ठेवलंय,” त्या शेठना गुजरातीत म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. शेठ गॅलरीच्या दारातच उभे राहिले.